मोटारीचे वरचे व्हेरिएंट खरोखर कितीला पडते?

भारतात विकली जाणारी जवळजवळ प्रत्येक मोटार एकाच नावाखाली अनेक रूपांत मिळते. सांगाडा तोच, दारे आणि काचा त्याच मापाच्या, बहुतेक वेळा इंजिनही तेच. फरक असतो तो आतबाहेर बसवलेल्या सोयींचा, आणि या फरकानुसार पाडलेल्या पायऱ्यांना बाजारात व्हेरिएंट म्हणतात. मारुती सुझुकीच्या गाड्यांवर एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय अशी अक्षरे असतात, किआच्या गाड्यांवर एचटीई, एचटीके, एचटीएक्स अशी, तर टाटा मोटर्सने अलीकडे स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस अशी नावे दिली आहेत. सर्वांत खालच्या पायरीला बेस मॉडेल आणि सर्वांत वरच्या पायरीला टॉप मॉडेल म्हणण्याचा प्रघात आहे. या दोन टोकांमधील अंतर लहान नसते. मे २०२४ मध्ये मारुतीची नवी स्विफ्ट बाजारात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत, म्हणजे नोंदणी आणि विमा धरण्यापूर्वीची किंमत, ६.४९ लाखांपासून सुरू होऊन सुमारे ९.६ लाखांपर्यंत जात होती. वरच्या टोकाला ऑटोमॅटिक गिअर धरलेला होता हे खरे, तरीही एकाच गाडीच्या दोन रूपांत जवळपास निम्म्या गाडीच्या किमतीचे अंतर होते. हे अंतर ओलांडावे की नाही, आणि ओलांडायचे तर कोणत्या पायरीपर्यंत, हा प्रश्न मोटार निवडण्याइतकाच महत्त्वाचा असून त्याला मात्र शोरूममधील शेवटची दहा मिनिटे मिळतात.

पायऱ्यांची ही रचना समजून घेतल्याशिवाय त्या प्रश्नाचे उत्तर नीट देता येत नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड स्लोन यांनी जनरल मोटर्सच्या गाड्यांची शेवरोलेपासून कॅडिलॅकपर्यंत अशी किमतीची शिडी उभारली की, प्रत्येक ऐपतीच्या ग्राहकाला त्याच कंपनीत एक गाडी आणि तिच्यावरची आणखी एक गाडी दिसावी. पण या विचाराची सर्वांत स्पष्ट मांडणी त्याहून पुष्कळ जुनी आहे आणि ती मोटारींविषयी नसून आगगाडीविषयी आहे. फ्रेंच अभियंता आणि अर्थशास्त्रज्ञ ज्यूल द्यूप्वी यांनी १८४९ मध्ये असे दाखवून दिले की, रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर घालत नाहीत ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे, तर छप्पर घातले तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा प्रवासीही तिसऱ्या वर्गात बसेल म्हणून. त्रास गरीब प्रवाशाला होतो, पण नेम ऐपतदार प्रवाशावर धरलेला असतो. बेस मॉडेलमध्ये मागच्या काचेला वायपर नसतो किंवा चालकाचे आसन वरखाली होत नाही, यामागे काही अंशी बचत असतेच. परंतु थोडी अधिक ऐपत असलेल्या ग्राहकाने खालच्या पायरीवर थांबू नये, हाही हेतू त्यात असतो. यात बेकायदा किंवा अनैतिक असे काही नाही. ग्राहकाने त्यातून एवढेच घ्यावे की, दोन व्हेरिएंटच्या किमतीतील फरक हा त्या सोयींच्या उत्पादनखर्चाचा फरक नसतो. ग्राहक किती देण्यास तयार होईल याचा तो कंपनीने बांधलेला अंदाज असतो, आणि म्हणून ‘एवढे पैसे घेतले म्हणजे तेवढे मिळालेच असेल’ हे गृहीत धरता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे या सोयी सुट्या मिळत नाहीत. काही जर्मन कंपन्यांच्या महागड्या गाड्यांत ग्राहक हव्या त्या सोयी एकेक करून निवडू शकतो. भारतातील सर्वसाधारण गाड्यांत मात्र सोयींचा गठ्ठाच घ्यावा लागतो, त्यामुळे मागच्या काचेवरची वाफ घालवणारा डीफॉगर हवा असेल तर त्याबरोबर अलॉय व्हील आणि मोठा टचस्क्रीनही विकत घ्यावा लागतो. शिवाय तीन पायऱ्या समोर असताना माणसाचा कल मधल्या पायरीकडे झुकतो, हे अमेरिकी संशोधक इटामार सायमनसन यांनी १९८९ मध्ये प्रयोगांनी दाखवले आहे. चौथी, अधिक महाग पायरी वर जोडली की कालपर्यंत महाग वाटणारी तिसरी पायरी समंजस वाटू लागते. यावर उपाय साधा आहे. माहितीपत्रकाच्या शेवटी जो तक्ता असतो, ज्यात प्रत्येक सोयीपुढे काळा ठिपका किंवा आडवी रेघ दिलेली असते, तो घरी नेऊन दोन शेजारच्या स्तंभांतील समान ओळी पेन्सिलीने खोडाव्यात. पानभर भरगच्च दिसणाऱ्या तक्त्यातून बहुधा दहा-पंधरा ओळीच उरतात, आणि किमतीतील फरक खरे तर त्या दहा-पंधरा ओळींचाच असतो.

आता तो फरक किती, हे पाहावे लागते, कारण जाहिरातीतील फरक आणि खिशातून जाणारा फरक यांत मोठी तफावत असते. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल मोटारीवर एकरकमी वाहनकर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के असा आकारला जातो; डिझेल मोटारीला हे दर प्रत्येकी दोन टक्क्यांनी अधिक आहेत. हा दर केवळ मर्यादेवरच्या रकमेला नव्हे, तर पूर्ण किमतीला लागतो, त्यामुळे ९ लाख ९५ हजारांच्या गाडीवर १,०९,४५० रुपये कर बसतो तर १० लाख ५ हजारांच्या गाडीवर तो १,२०,६०० रुपये होतो. म्हणजे किंमत १० हजारांनी वाढली आणि कर ११ हजारांहून अधिक वाढला. किंमत १० लाखांच्या पुढे गेली की विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळी गोळा केला जाणारा आयकरही घेतो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण त्या दिवशी तो भरावाच लागतो.

एक काल्पनिक पण बाजारभावाला धरून असलेले उदाहरण घ्यावे. मधल्या व्हेरिएंटची एक्स-शोरूम किंमत ९ लाख २० हजार आणि वरच्याची १० लाख ४० हजार आहे, म्हणजे दिसणारा फरक १ लाख २० हजारांचा आहे. करातील फरक २३,६०० रुपये होतो. विम्याचा जो भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी असतो, तो आयडीव्हीवर, म्हणजे विमा कंपनीने धरलेल्या गाडीच्या मूल्यावर ठरत असल्याने त्यातही वाढ होते; ती ३,००० रुपये धरू. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीसाठीचा विमा इंजिनाच्या घनमापावर ठरतो, त्यामुळे इंजिन तेच असेल तर त्यात फरक पडत नाही. टीसीएस सोडून एकूण फरक १,४६,६०० रुपये झाला. ही सगळी वाढीव रक्कम ९ टक्के दराने ७ वर्षांच्या कर्जातून उभी केली, तर दरमहा हप्ता सुमारे २,३६० रुपयांनी वाढतो आणि सात वर्षांत सुमारे १ लाख ९८ हजार रुपये दिले जातात. शोरूममध्ये ऐकलेले ‘एक लाख वीस हजारच जास्त’ प्रत्यक्षात दोन लाखांना पडते. सात वर्षांनी गाडी विकताना वरच्या व्हेरिएंटला ३० हजार रुपये अधिक मिळाले असे धरले, तरी निव्वळ खर्च महिन्याला २,००० रुपयांच्या घरात राहतो. मग प्रश्न असा विचारता येतो की, खोडून उरलेल्या त्या ओळींसाठी सात वर्षे दरमहा २,००० रुपये भाडे देण्याची तयारी आहे का. ‘हप्ता थोडाच वाढतो’ या वाक्याला हा प्रश्न पुरून उरतो.

या उरलेल्या ओळींचे वजन सारखे नसते, आणि त्यांची वर्गवारी करताना सर्वांत उपयोगी कसोटी ही की, ती गोष्ट नंतर बसवता येते का. टचस्क्रीन, मागचा कॅमेरा, स्पीकर, आसनांची आवरणे, फॉग लॅम्प या गोष्टी बाहेरून बसवता येतात, तेही पुष्कळदा कंपनीच्या दरापेक्षा कमी पैशांत. मात्र मूळ तारा कापून जोडकाम केले तर विद्युत भागांची वॉरंटी नाकारली जाऊ शकते, म्हणून गाडीच्या मूळ कपलरमध्येच बसणारा जोड वापरणारा कारागीर शोधावा लागतो. आसनांच्या आवरणांत एक बारकावा आहे: ज्या गाडीत बाजूच्या एअरबॅग आसनाच्या कडेत असतात, त्या गाडीला साधे घट्ट आवरण घातले तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडण्यास अडथळा होतो, त्यामुळे त्या जागी उसवणारी शिवण असलेलेच आवरण घ्यायला हवे. याउलट एअरबॅग, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, चारही चाकांचे डिस्क ब्रेक, ऑटोमॅटिक गिअर, मागच्या काचेत कारखान्यातच छापलेल्या डीफॉगरच्या तारा, उंची बदलणारे आसन या गोष्टी गॅरेजमध्ये बसवून मिळत नाहीत. ज्यासाठी वरची पायरी चढावी अशा गोष्टी प्रामुख्याने याच आहेत.

त्यांतही इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण माहितीपत्रकात ते तीन इंग्रजी आद्याक्षरांत आटोपते आणि ग्राहकाची नजर सनरूफवर थांबते. चालकाने स्टिअरिंग ज्या दिशेला वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात ज्या दिशेला जात आहे, यांची तुलना ही यंत्रणा सतत करत असते. ओल्या वळणावर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाऊ लागली किंवा नाक वळणाबाहेर सरकू लागले की, ती एखाद्याच चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून गाडीला चालकाच्या इच्छित दिशेला परत आणते. १९९५ मध्ये ती प्रथम मर्सिडीजच्या एस-क्लास या सर्वांत महागड्या श्रेणीत आली. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच कंपनीची लहानशी ए-क्लास गाडी स्वीडनमधील एका चाचणीत अडथळा चुकवताना उलटली, आणि त्यानंतर कंपनीने ही यंत्रणा त्या लहान गाडीच्या प्रत्येक प्रतीत बसवण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेत २०१२ पासूनच्या सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. श्रीमंतांच्या गाडीतील सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट पंधरा-सतरा वर्षांत सर्वांच्या जिवाची गरज ठरली. पावसाळ्यात आंबा घाट किंवा ताम्हिणी घाट उतरणाऱ्या गाडीत ती असावी की नाही, हा चैनीचा प्रश्न उरत नाही.

सुदैवाने भारतातही सुरक्षिततेची पायरी खाली उतरत आहे. चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग, पट्टा न लावल्याची सूचना, वेगाची सूचना आणि मागे घेतानाचे सेन्सर १ जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग २०२१ च्या अखेरीपासून नव्या मोटारींना सक्तीची झाली. सहा एअरबॅगच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, पुढे ती सक्ती मागे पडली. तरी ह्युंदाईने २०२३ मध्ये आपल्या सर्व गाड्यांच्या सर्व व्हेरिएंटमध्ये सहा एअरबॅग देण्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग व स्टॅबिलिटी कंट्रोल अगदी एलएक्सआयपासून आले. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या धडक-चाचणी कार्यक्रमाच्या निकालपत्रात तो निकाल कोणत्या व्हेरिएंटना लागू आहे, हेही दिलेले असते आणि ती ओळ ताऱ्यांच्या संख्येइतक्याच काळजीने वाचण्यासारखी आहे. दहा वर्षांपूर्वी बेस मॉडेल घेऊ नये हा सल्ला सुरक्षिततेच्या कारणाने योग्य होता. आज अनेक गाड्यांच्या बाबतीत तो जुना झाला आहे आणि तरीही सवयीने दिला जातो.

वरच्या व्हेरिएंटमध्ये सगळे चांगलेच असते, हाही समज तपासून पाहावा लागतो. टायरच्या कडेवर लिहिलेले आकडे हे याचे नेमके उदाहरण आहे. मारुतीच्या बलेनोच्या खालच्या व्हेरिएंटला १८५/६५ आर १५ या मापाचे आणि वरच्या व्हेरिएंटला १९५/५५ आर १६ या मापाचे टायर असतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे हे सांगतो आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत देतो. हिशेब केला तर पहिल्या टायरच्या रबरी भिंतीची उंची सुमारे १२० मिलिमीटर आणि दुसऱ्याची सुमारे १०७ मिलिमीटर येते. दोन्ही चाकांचा एकूण व्यास मात्र जवळजवळ सारखाच, ६२१ मिलिमीटरच्या आसपास राहतो. म्हणजे मोठ्या रिमसाठी जागा काढली ती रबरातून. रुंद आणि बुटका टायर वळणावर गाडी अधिक घट्ट धरतो, हा त्याचा खरा गुण आहे. पण खड्ड्याचा धक्का गिळणारी १३ मिलिमीटर गादी कमी झालेली असते, खड्ड्याच्या धारदार कडेवर रिमला मार बसण्याचा संभव वाढतो, आणि पोलादी रिम ठोकून सरळ करता येते तशी तडा गेलेली अलॉय रिम भरवशाने दुरुस्त होत नाही. गावाकडच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला खालच्या व्हेरिएंटचा टायर अधिक मानवतो. दिव्यांचेही तसेच आहे. हॅलोजन दिव्याचा बल्ब काही शे रुपयांत कोणत्याही तालुक्याच्या गावी बदलून मिळतो. एलईडी दिव्याचा उजेड निःसंशय चांगला, पण बहुतेक गाड्यांत तो बंदिस्त संच असल्याने बिघडला की पूर्ण संचच बदलावा लागतो आणि तो खर्च हजारोंच्या घरात जातो. समोरच्या काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत, म्हणजे पुढील वाहन ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणांच्या गाडीत, काच फुटल्यावर नव्या काचेसह कॅमेऱ्याची जुळणीही पुन्हा करावी लागते.

मधल्या पायरीवरील काही किरकोळ दिसणाऱ्या सोयी या मानाने फार मोलाच्या असतात. मागच्या काचेचा वायपर आणि डीफॉगर असल्याशिवाय कोकणातील जून ते सप्टेंबर या काळात हॅचबॅक गाडीतून मागचे काही दिसत नाही. कमी उंचीच्या चालकाला, विशेषतः अनेक स्त्रियांना, उंची बदलणारे आसन नसेल तर बॉनेटचा अंदाज येत नाही, आणि उशी घेऊन बसणे हा पट्ट्याच्या दृष्टीने धोक्याचा उपाय आहे. मागच्या गाडीच्या उजेडाने डोळे दिपू नयेत म्हणून रात्री कलता करता येणारा आतील आरसा स्वस्त असूनही अनेक बेस मॉडेलांत नसतो. रोज पुणे-मुंबईच्या कोंडीत दोन तास काढणाऱ्याला ऑटोमॅटिक गिअर हा सगळ्या सोयींच्या आधी घ्यावा असा पर्याय आहे, आणि अनेक गाड्यांत तो मधल्या व्हेरिएंटपासूनच मिळतो.

उलट टोकाला सनरूफ, बदलत्या रंगांचे आतले दिवे, आवाजी आज्ञा पाळणारा पडदा अशा गोष्टी येतात. त्यांचा आनंद खोटा नसतो, पण तो लवकर ओसरतो. त्या काळी मिशिगन विद्यापीठात असलेले मानसशास्त्रज्ञ नॉर्बर्ट श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारचालकांना गाडी चालवताना सर्वसाधारणपणे कसे वाटते असे विचारले, तेव्हा महागड्या गाडीच्या मालकांनी अधिक आनंद सांगितला. पण कामावर जाण्याच्या अगदी अलीकडच्या फेरीत कसे वाटले असे विचारले, तेव्हा त्या आनंदाचा गाडीच्या किमतीशी संबंध दिसला नाही. गाडीविषयी विचार करताना गाडी सुख देते. गाडी चालवताना मन रस्त्यावर, कामावर आणि घरावर असते. महाराष्ट्रातील उन्हात सनरूफचा पडदा वर्षातील पुष्कळ दिवस बंदच ठेवावा लागतो, आणि तो उघडून चालत्या गाडीत मुलांना उभे करण्याची जी पद्धत पडली आहे ती जिवावर बेतणारी आहे.

पुनर्विक्रीचा युक्तिवाद वरच्या व्हेरिएंटच्या बाजूने नेहमी केला जातो, परंतु तो आकड्यांपुढे टिकत नाही. विम्याच्या प्रचलित घसारा-तक्त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीचे मूल्य निम्मे धरले जाते, म्हणजे आजचा १ लाख २० हजारांचा फरक कागदावरच ६० हजार होतो. बाजारात तो आणखी आक्रसतो, कारण पाच वर्षांपूर्वी टॉप मॉडेलची म्हणून मिरवलेली सोय तोवर नव्या गाडीच्या मधल्या व्हेरिएंटमध्ये आलेली असते. जो ग्राहक चार-पाच वर्षांत गाडी बदलतो त्याला वरची पायरी सर्वांत महाग पडते. जो दहा-बारा वर्षे एकच गाडी वापरतो आणि रोकड देऊन घेतो, त्याला ती तुलनेने स्वस्त पडते. अशा ग्राहकाने, हौस असेल आणि पैसा मोकळा असेल, तर टॉप मॉडेल अवश्य घ्यावे. कर्ज काढून घेणाऱ्याने मात्र ज्या पहिल्या व्हेरिएंटमध्ये सुरक्षिततेच्या आणि दृश्यतेच्या सगळ्या ओळींपुढे काळा ठिपका दिसतो, तेथे थांबावे.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. विक्रेत्यांकडील चाचणीची गाडी बहुधा सर्वांत वरच्या व्हेरिएंटची असते, त्यामुळे तिचे टायर, दिवे, आसन आणि कधीकधी गिअरही ग्राहक घेणार असलेल्या गाडीपेक्षा वेगळे असतात. म्हणून बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी ज्या व्हेरिएंटचा विचार चालू आहे, त्याचीच गाडी चालवून पाहण्याचा आग्रह धरावा, आणि ती उपलब्ध नसेल तर ती येईपर्यंत थांबावे.